ओल्या भिंतीवर ऑइल पेंट

रविवार, ३१ जुलै १९९४

आजपासून रागावणे बंद. कायमचं. तसा मी मुळात शांत माणूस. पण दिल्लीत शांत माणसाला कोणी विचारत नाही, म्हणून अधूनमधून आवाज चढवावा लागतो. तोही बंद.

कारण: अण्णा येणार. इथे आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये आमचा फोन शेजारच्या मेहरांकडे येतो. भुसावळहून बहिणीचा, कुमुदचा होता. तिच्या मिस्टरांची बदली गुवाहाटीला झाली, आणि अण्णांना एवढ्या लांब नेता येत नाही. हार्टचं झाल्यापासून डॉक्टरांनी बजावलंय, दगदग नको, आवाज नको, भांडण तर नजरेसमोरसुद्धा नको. मग अण्णा स्वतः फोनवर आले. म्हणाले, तुम्ही दोघा भावांनी नोएडात एकाच प्लॉटवर खाली-वर घरं बांधलीत ना, यंदा गणपतीला तिकडेच येतो. दोन्ही घरं बघतो. जिथे शांतता असेल तिथे उरलेले दिवस काढतो.

म्हणजे माझ्याकडे. प्रश्नच नाही. दिलीप धाकटा आहे म्हणून बोलत नाही, पण तो गप्प असतो ती काही शांतता नव्हे. आतल्या गाठीचा आहे तो. माझं जे असेल ते तोंडावर, आणि मग साफ.

फोन ठेवताना मेहरांच्या रिसीव्हरला तडा गेला. आनंदाच्या भरात. हलकं प्लास्टिक, आणि काय. मेहरीणबाई उगाच हाय राम, हाय राम करत बसल्या.

मंगळवार, २ ऑगस्ट

प्लॅन पक्का. खालच्या मजल्याचं प्लास्टर गेल्या आठवड्यात संपलं. गणपती नऊ सप्टेंबरला. पुट्टी, प्रायमर, मग ऑइल पेंट. भिंती क्रीम, छत पांढरं. छतालाही ऑइल पेंटच. छताला ऑइल पेंट कोण देतं हो, असं बायकोने, वैजयंतीने, विचारलं. मी म्हणालो, मी देतो. अण्णांनी आरामखुर्चीत मान मागे टाकली की वर चकाचक दिसलं पाहिजे.

दिलीप वर राहायलाही आलाय, आणि अजून सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन प्लास्टरला पाणी मारतोय. इकडे त्याला तराई म्हणतात. म्हणे जितकं पाणी पिईल तितकं पक्कं होईल. मी खालची तराई केव्हाच बंद करून टाकली. भिंत आहे, म्हैस नाही.

गुरुवार, ४ ऑगस्ट

संध्याकाळी ऑफिसातून परस्पर नोएडा. बस भरलेली, कंडक्टरशी किरकोळ बाचाबाची. त्याच्या शर्टाचं बटण आधीच सैल असणार.

वैजयंतीने रंगाच्या डब्यामागचं बारीक इंग्रजी वाचून दाखवलं. नवीन प्लास्टर पूर्ण वाळल्याशिवाय हा रंग लावू नये. त्यात पावसाळ्याची हवा, म्हणाली, आपलं प्लास्टर दिवाळीपर्यंत वाळायचं नाही. दिलीपही नेमका खाली आला आणि मान हलवत उभा राहिला. म्हणाला, दादा, यंदा नुसता चुना मारून घे. चुन्यातून ओल बाहेर पडते. ऑइल पेंट म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट.

मी शांतच होतो. डबा हातातून निसटला आणि समोरच्या भिंतीला लागला, एवढंच. खळगा पडलाय, पुट्टीने भरेल. दिलीप वर निघून गेला. बघा, पळपुटा.

चुना! अण्णांना काय गोठ्यात ठेवायचंय?

नवीन नियम: राग आला की मनात आकडे म्हणायचे, शंभरपर्यंत.

रविवार, ७ ऑगस्ट

रंगारी मिळाला. शंकर नाव. माझ्या मनासारखा माणूस. भिंती ओल्या आहेत का विचारलं, तर म्हणाला, हो जाएगा साहब. गणपतीपर्यंत होईल का, तर हो जाएगा. छताला ऑइल पेंट? हो जाएगा. असा आत्मविश्वास आमच्या ऑफिसात एकाकडेही नाही.

दुपारी अडचण. पुट्टी धरेना. पत्र्याने ओढली की पत्र्याबरोबर परत येते. मी भिंतीला दोन गुद्दे मारून पाहिले, भिंत पोकळ नाही. मूठ सुजली. शंकरने उपाय काढला. खोलीत कोळशाच्या अंगीठ्या पेटवायच्या, दारं-खिडक्या बंद, ओल उडून जाईल. मी त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली. जरा पुढे जाऊन पडला. अंगात जीवच नाही या लोकांच्या.

शिवांगी म्हणाली, पपा, दीवार में सीलन आहे अभी. दिल्लीत वाढलेली पोर, तिला ओल हा शब्द माहीत नाही. मी तिला म्हणालो, ज्याला मराठीत नाव माहीत नाही त्याच्यावर बोलू नये.

मंगळवार, ९ ऑगस्ट

छत काळं झालं.

अंगीठ्यांची काजळी. हॉलभर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. वर पांढरं पाहिजे होतं, तिथे स्मशान झालं. भिंती वरवर कोरड्या, आत बोट खुपसलं तर गारच. शंकर म्हणाला, साहब, दो कोट में छुप जाएगा.

आकडे म्हणायला सुरुवात केली होती. पुढचं वैजयंती सांगते तसं घडलेलं नाही. मी त्याला समजावून सांगण्यासाठी त्याच्यामागे धावत होतो. हातात पुट्टीचा पत्रा होता हे माझ्या लक्षात नव्हतं. मेन रोडपर्यंत समजावलं. मधे एका दूधवाल्याची सायकल आडवी झाली, तो दोष त्याच्या स्टँडचा. शंकरने रस्ता ओलांडला आणि बसमागून नाहीसा झाला. त्याची एक चप्पल इथे आहे. न्यायला येईल तेव्हा प्रेमाने बोलेन.

वर गॅलरीत दिलीप उभा. त्याचं ते न बोलणं ऐकून डोक्यात तिडीक गेली. त्याच्या दिशेने चप्पल फेकली होती, पण पोचली नाही.

सोमवार, १५ ऑगस्ट

सुट्टी. आजपासून मी स्वतः. आपला हात जगन्नाथ.

काजळी घासली, प्रायमर मारला. छताचं काम अवघड नाही, फक्त रंग खाली पडतो. डोळ्यात गेला. लाकडी घोडीवर उभा होतो, डोळा चोळताना घोडी हलली. उतरून तिला लाथ घातली. पायरी मोडली. मग मोडलेल्या पायरीनेच बाकीच्या पायऱ्यांना समज दिली. आता उद्या दुसरी घोडी बघावी लागेल. लाकूड कच्चं होतं. या देशात सगळं कच्चं.

शिवांगी चहा घेऊन आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि विचारलं, पपा, आत येऊ का, की नंतर येऊ? चांगले संस्कार. विचारून आत येते. वैजयंतीला म्हणालो, बघ, पोरीला वळण आहे. वैजयंती म्हणाली, ते वळण नाही हो. अर्धवट बोलण्याची सवय आहे तिला.

कुमुदचा पुन्हा फोन. अण्णांचं रिझर्व्हेशन झालं, सहा तारखेला पोचतात. रोज विचारतात म्हणे, बळवंतच्या घराचं कुठवर आलं. माझंच विचारतात, दिलीपचं नाही. मला भरून आलं. अण्णांनी आयुष्यात आमच्यावर कधी हात उचलला नाही. असा बाप आपल्या घरात, आपल्या रंगवलेल्या भिंतींमध्ये बसलेला पाहायचा, मला दुसरं काही नको. आई गेली तेव्हा मी टूरवर होतो. दिलीप जवळ होता.

अण्णा माझ्याकडेच राहणार. राहिलेच पाहिजेत.

रविवार, २१ ऑगस्ट

झालं! पहिला कोट सगळीकडे. काय चकाकतंय! भिंतीत तोंड दिसतं. सगळे तज्ज्ञ आता कुठे गेले?

दिलीपला मुद्दाम खाली बोलावलं. मोठ्या मनाने. त्याने भिंतीकडे पाहिलं, मग अंगठा टेकवला आणि दाबला. भिंतीवर अंगठा उठला. म्हणाला, दादा, आत पाणी आहे रे अजून.

मी त्याचा अंगठा भिंतीवरून बाजूला केला. करताना जरा पिरगळला गेला. कट्कन आवाज आला तो त्याने मुद्दाम काढला असावा. शालिनी आयोडेक्स घेऊन धावत आली आणि मला भावजी म्हणाली नाही, अहो तुम्ही म्हणाली. नवऱ्याने फितवलंय.

ठरलं: दिलीपशी बोलणं बंद. निरोप शिवांगीमार्फत. भांडणच नको म्हणून. घरात शांतता राहावी म्हणून मी किती करतो!

शनिवार, २७ ऑगस्ट

फोड आले. भिंतीला. हॉलच्या पूर्वेकडच्या भिंतीवर देवी आल्यासारखे.

सुईने फोडून बघितले. पाणी येतं. मग बोटाने, मग मुठीने. फोडला की रंगाची कातडी लोंबते आणि मागे प्लास्टरवर लोणा फुललेला, पांढरा, मिठासारखा. एक कातडी ओढली ती खिडकीपर्यंत सोलत गेली. ओढताना विलक्षण समाधान वाटलं, म्हणून आणखी ओढली. मग भानावर आलो. मग हातोडी घेतली आणि भिंतीला विचारलं, तुझं म्हणणं काय आहे एकदा सांग. शेजारच्या प्लॉटवरचा चौकीदार पळत आला, त्याला वाटलं कोणाचा खून होतोय. वैजयंती म्हणाली, अजून नाही.

उपाय सापडला. दुसरा कोट जाड द्यायचा. पाणी आतल्या आत दाबून टाकायचं. कोण जास्त हट्टी आहे ते तरी कळेल.

वैजयंती म्हणते, सगळं खरवडू, चुना मारू, अण्णांना घर कसं दिसतं यात रस नाही, तुम्ही कसे आहात यात आहे. मी म्हणालो, मी कसा आहे? ती म्हणाली, ओरडू नका. मी ओरडत नव्हतो. मी विचारत होतो.

शनिवार, ३ सप्टेंबर

आता दिलीपने कट केलाय. लिहून ठेवतो, पुढे पुरावा लागेल.

हॉलच्या छताला मधोमध, जिथे खाली गणपतीचा चौरंग मांडायचा तिथेच, फुगा आला आहे. परातीएवढा. वर तो पाणी मारतो, पाणी स्लॅबमधून झिरपतं आणि माझ्या ऑइल पेंटच्या आत साठतं. रंग इतका उत्तम की थेंब खाली येऊ देत नाही. बोट लावलं तर पखालीसारखा हलतो.

शिवांगीमार्फत निरोप: पाणी बंद. उलट निरोप: दादा, वरच्या हॉलचं प्लास्टर उशिरा झालंय, शेवटचा आठवडा आहे, आत्ता थांबवलं तर प्लास्टरला भेगा जातील. तू त्या फुग्याला भोक पाड, नाहीतर फुटेल.

भोक पाडा म्हणे! माझ्या छताला!

वर गेलो. बोललो नाही, बोलणं बंद आहे. गप्पपणे त्याचा पाइप कापला. चार ठिकाणी. दिलीप म्हणाला, तुला वेड लागलंय. संध्याकाळी नवीन पाइप घेऊन आला. पैशाचा माज.

मंगळवार, ६ सप्टेंबर

अण्णा आले. थोडक्यात लिहितो, मनगट दुखतंय.

रजा टाकली होती. वैजयंती आणि शिवांगी स्टेशनवर गेल्या, मी शेवटचा हात फिरवायला घरी. छताचा फुगा आता पोत्यासारखा लोंबायला लागला होता. वर पाण्याचा आवाज सुरूच. मी रोलरचा बांबू हातात घेऊन वर गेलो. बांबू हातात होता कारण मी काम करत होतो.

जिन्याच्या तोंडाशी दिलीप पाइप धरून उभा. मी म्हणालो, बंद कर. त्याने पाइप माझ्या तोंडावर धरला. सुरुवात त्याची, हे स्वच्छ लिहून ठेवतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो ओरडला. म्हणाला, लहानपणापासून तुझ्या रागाला घाबरून राहिलो, आता बस झालं. मी त्याची कॉलर धरली. त्याने माझे केस धरले. मी डोकं मारलं, त्याचा चष्मा गेला. तो माझ्या मनगटाला चावला. बँकेत ऑफिसर आहे, आणि चावतो! दोघं ओल्या जिन्यावरून गडगडत मधल्या वळणावर आलो. तिथे मी आधी उठलो आणि बांबू उचलला. शालिनी वरून किंचाळत होती. पानिपत झालं जिन्यात.

गाडी वेळेच्या आधी आली होती. हे मला कोणी कळवलं नाही.

अण्णा खालून वर आले. दोन्ही हात वर करून, अरे बाळांनो, अरे बाळांनो, म्हणत आमच्या मधे शिरले. बांबू तोपर्यंत फिरलेला होता. फिरलेला बांबू मधे थांबत नाही, हे साधं विज्ञान आहे. अण्णांचं कपाळ मधे आलं.

अण्णा खाली बसले. पायरीवर, हळूच. तेवढ्यात हॉलमध्ये फुगा फुटला. धप्प असा आवाज आणि पाण्याचा लोंढा उंबऱ्यापर्यंत. खाली कोणी नव्हतं, हे नशीब.

हॉस्पिटलात टाके पडले. हार्टसाठी रात्रभर ठेवून घेतलंय. डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? अण्णा म्हणाले, जिन्यावर पाय घसरला, म्हातारा माणूस. बघा, स्वतः अण्णांच्या तोंडून. अपघातच तो. दिलीप भिंतीकडे तोंड करून उभा होता. वैजयंतीने माझ्याकडे पाहिलंही नाही.

गुरुवार, ८ सप्टेंबर

तबियत ठीक आहे म्हणतात. अण्णांना सोडलं. मला टॅक्सीत जागा नव्हती.

निकाल लागला, आणि माझ्या बाजूने लागला. अण्णा नोएडात राहणार नाहीत, ना खाली ना वर. ते आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणार. क्वार्टर कोणाच्या नावावर? माझ्या. म्हणजे अण्णा माझ्याकडे. दिलीपला चांगलीच चपराक.

फक्त एक सोय करावी लागली. मी तूर्त नोएडात राहायचं. घराकडे लक्ष द्यायला कोणीतरी हवंच, रंग खरवडायचा आहे. वैजयंतीने माझे कपडे आणि दाढीचं सामान पाठवून दिलं, शिवांगीच्या हाती नाही, मेहरांच्या ड्रायव्हरच्या हाती. निरोप होता: प्लास्टर दिवाळीपर्यंत वाळेल, तोवर तिकडेच राहा. तुम्हालाही तेवढे दिवस लागतील. गणपतीला आरतीला या. आवाज न करता.

ती नेहमी चढवून बोलते. तरी ठीक आहे. अण्णा माझ्या घरात आहेत, मुद्दा तो होता. दिवसभर रंग सोलला. चटईवर झोपतोय, ओल वर येते.

दिलीपही वर एकटाच आहे, शालिनी मुलांना घेऊन माहेरी गेली. पाण्याचा आवाज येत नाही. मी एकदा जिन्यात गेलो होतो. परत आलो.

शुक्रवार, ९ सप्टेंबर. गणेश चतुर्थी

आंघोळ, धुतलेला झब्बा. बसमध्ये कोणाशी काही नाही. कंडक्टरने सुट्टे दिले नाहीत, दिले नाहीत तर नाहीत.

क्वार्टरची बेल हळू दाबली. शिवांगीने दार उघडलं, आधी साखळी लावूनच पाहिलं, मग काढली. मी म्हणालो, हॅपी गणपती. ती म्हणाली, हां पपा. आत सगळं छान मांडलेलं. क्वार्टरच्या भिंतींना जुना सरकारी चुना, हाताला पांढरा लागतो. अण्णा कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत, कपाळाला पट्टी, डावा डोळा काळानिळा. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद दिला, आवाज जरा बारीक. मी म्हणालो, अण्णा, रंग दिवाळीनंतर एकदम फर्स्ट क्लास करतो. ते म्हणाले, हो रे, कर.

आरतीला मी खालच्या पट्टीत म्हणालो. एरवी माझ्यासारखा आवाज कोणाचा नाही, पण आज मुद्दाम. दिलीप आला नव्हता. मी अण्णांच्या खुर्चीशेजारी उभा होतो, इतक्या जवळ खूप वर्षांत उभा राहिलो नव्हतो. बरं वाटत होतं.

आरती संपली. शिवांगी तबक घेऊन आमच्यापर्यंत आली. ज्योतीवरून हात फिरवण्यासाठी मी हात वर केला.

अण्णांनी कोपर वर करून तोंड झाकलं. डोळे घट्ट मिटले आणि खुर्चीत मागे सरले.

सगळे थांबले. तबक शिवांगीच्या हातात तसंच. माझा हात वरच होता, तो कुठे न्यायचा ते मला कळेना. मग अण्णांनीच डोळे उघडले, कोपर खाली घेतलं आणि माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, काही नाही रे, माशी होती.

मी म्हणालो, हो अण्णा, माशी होती.

मला माशी दिसली नाही.